सालावर जाऊ नये

वर्गात जुन्या पोथ्यांचा विषय निघाला की एखादा चुणचुणीत विद्यार्थी हटकून विचारतो, "सर, पोथी कधीची हे ठरवायला एवढा खटाटोप कशाला? शेवटच्या पानावर शक लिहिलेला असतोच की!" असतो, खरे आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ग्रंथाचा शक १२१२ सांगितला आहे. आता शे-दीडशे वर्षांपूर्वी कोणा भाविकाने नकलून ठेवलेली पोथी उघडा. तिथेही शक १२१२च भेटायचा. तो शक ग्रंथाचा, हाती धरलेल्या कागदाचा नव्हे. कागदाचे वय कागदालाच विचारावे लागते; त्याच्या पोताला, शाईला, अक्षराच्या वळणाला.

भिऊ नका, ऐन दिवाळीत चकलीच्या ताटाशेजारी मी पोथी सोडणार नाही. आज सांगायचे आहे ते जर्मनीतल्या जुन्या लष्करी पदकांविषयी. मराठीच्या मास्तराने ह्या वाटेला का जावे, असे कोणी म्हणेल. त्याचा दोष माझ्या शेजाऱ्यांकडे जातो. लष्करातून निवृत्त झालेले हे डॉक्टर नाणी आणि पदके जमवतात, आणि रविवारी सकाळी चहाबरोबर माझ्या हाती भिंग देतात. त्या भिंगातून पाहता पाहता माझ्या ध्यानात आले की त्यांचे शास्त्र आणि आमची पाठचिकित्सा ह्या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. दोघींचा पहिला धडा एकच: वस्तूवर लिहिलेल्या सालावर जाऊ नये.

जर्मन पदकांत सर्वांना ठाऊक असलेले पदक म्हणजे लोखंडी क्रॉस. त्याचा जन्म १० मार्च १८१३ रोजी ब्रेस्लाऊ शहरी झाला. आज हे शहर पोलंडात आहे. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म नेपोलियनविरुद्ध उभा राहत होता. खजिन्यात खडखडाट. राजाची लाडकी राणी लुईझ १८१० साली वारली होती. तिच्या वाढदिवसाचा मुहूर्त धरून त्याने हे पदक स्थापन केले. राजाच्या कच्च्या आराखड्यावरून त्याला रेखीव रूप दिले कार्ल फ्रीडरिश शिंकेल ह्या वास्तुशिल्पकाराने. बर्लिनचे प्रसिद्ध जुने संग्रहालय बांधले ते हेच शिंकेल.

राजाने शूरांसाठी सोने सोडून लोखंड का निवडले? त्या वर्षी प्रशियातल्या बायकांनी आपले सोन्याचे दागिने युद्धखर्चासाठी दिले आणि बदल्यात लोखंडाचे दागिने अंगावर घातले. सोने दिले आणि लोखंड घेतले, असे त्या दागिन्यांवर कोरलेले असे. म्हणजे ज्या घरात लोखंडाची बांगडी, ते घर मानाचे. अशा दिवसांत काळ्या लोखंडाला चांदीची किनार लावलेला हा क्रॉस आला, आणि तो सरदाराला एक व शिपायाला दुसरा असा नव्हता. दोघांच्या छातीवर तेच लोखंड. आपल्याकडे लोखंडाची अंगठी शनीच्या भीतीने घालतात. तिथे ती अभिमानाने मिरवली गेली.

पुढे हा क्रॉस तीनदा नव्याने देण्यात आला: १८७० साली फ्रान्सशी युद्ध झाले तेव्हा, १९१४ साली पहिल्या महायुद्धात आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्याच दिवशी. आणि येथे नवशिक्याची फसगत होते. छातीवर लोंबणारा दुसऱ्या वर्गाचा क्रॉस उलटा करा. मागे १८१३ हे साल दिसते. १८७०च्या क्रॉसमागे १८१३, १९१४च्या मागे १८१३, १९३९च्या मागेही १८१३. ते मूळ पुरुषाचे नाव आहे, नातवाची जन्मतारीख नव्हे. बाजारात एखादा गृहस्थ "नेपोलियनच्या लढाईतला आहे" असे सांगत मागची बाजू आधी दाखवू लागला, तर त्याच्या हातातला क्रॉस हळूच सुलटा करावा.

सुलट्या बाजूवर पिढी ओळखता येते. १८१३च्या अस्सल क्रॉसची दर्शनी बाजू कोरी असे; मुकुट, राजाची आद्याक्षरे आणि ओकची पाने हे सगळे मागल्या अंगाला. १८७० आणि १९१४च्या क्रॉसवर पुढे मुकुट, मध्यभागी विल्हेल्मचे डब्ल्यू हे अक्षर आणि खाली ते ते साल. ह्या अक्षराचा मालक पहिल्या खेपेस पहिला विल्हेल्म, दुसऱ्या खेपेस त्याचा नातू दुसरा विल्हेल्म. अक्षर तेच राहिले. १९३९ साली राजा उरला नव्हता, म्हणून मुकुटही नाही आणि अक्षरही नाही. मध्यभागी नाझींचे चिन्ह आले आणि मागे केवळ १८१३ उरले.

ह्या चिन्हाविषयी दिवाळीच्या अंकात दोन शब्द बोललेच पाहिजेत. आपण उंबऱ्याशी रांगोळीने काढतो तो स्वस्तिक; जर्मन भाषेत नाझींच्या चिन्हाला 'आकड्यांचा क्रूस' अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्या दाराशी ते चिन्ह शुभ आहे; पण त्याच आकाराखाली लाखो निरपराधांना मारले गेले, हे युरोपातले माणूस विसरू शकत नाही, आणि त्याने विसरूही नये. पश्चिम जर्मनीने २६ जुलै १९५७ रोजी कायदा करून जुन्या सैनिकांना आपली पदके लावण्याची मुभा दिली, मात्र हे चिन्ह काढून. लोखंडी क्रॉसवर त्याच्या जागी ओकची पाने आली. तेव्हा कोणी पाने असलेला दुसऱ्या महायुद्धाचा क्रॉस दाखवला, तर तो १९५७ किंवा त्यानंतर घडवलेला आहे, मग तो मिळवणारा सैनिक १९४० साली लढलेला का असेना.

आता घडणीकडे वळू. कोणताही जुना सोनार दागिना हाती आला की आधी डाग कुठे दिला आहे ते पाहतो. क्रॉसचेही तसेच. अस्सल लोखंडी क्रॉस तीन तुकड्यांचा असतो: मध्ये काळ्या रंगाचा लोखंडी गाभा, आणि त्याला पुढून-मागून पकडणाऱ्या दोन चौकटी. ह्या चौकटी एकमेकींशी डाग देऊन जोडतात, म्हणून कडेवरून नख फिरवले की सांधा लागतो. निदान भिंगाखाली तरी दिसतो. नकली माल बहुधा एकाच साच्यात ओतलेला असतो. त्याला सांधा नसतो, किंवा असल्याचे सोंग केलेले असते. ओतीव मालावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे राहतात आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात. ठशाखाली दाबून काढलेल्या मालाची धार तशी बोथट नसते.

लोहचुंबक जवळ न्यावा. लोखंडी गाभा त्याला चिकटतो. जस्ताची नक्कल हलतही नाही. मात्र एवढ्यावर कोणाला चोर ठरवू नये. गंज टाळावा म्हणून पितळी गाभ्याचेही काही खरे क्रॉस बनले होते. मोजपट्टीही बोलते: १९१४चा दुसऱ्या वर्गाचा क्रॉस साधारण ४२ मिलिमीटर रुंद, १९३९चा ४४. दोन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढे. पण पोथीत एका काना-मात्रेने शतक बदलते, तसेच हे.

फीतही पाहावी. १८१३पासून १९१४पर्यंतच्या क्रॉसची फीत प्रशियाच्या रंगांची, म्हणजे काळी-पांढरी. १९३९च्या फितीत मध्ये रुंद लाल पट्टा आला. नव्या फिती ओळखण्यासाठी डॉक्टर अतिनील प्रकाशाचा दिवा लावतात. दुसऱ्या महायुद्धानंतर धाग्यांत आणि धुण्याच्या पावडरीत कपडा शुभ्र दिसावा म्हणून जी द्रव्ये रुळली, ती ह्या दिव्याखाली निळसर चमकतात. फीत चमकली तर संशय घ्यावा. पण एखाद्या सुनेने सासऱ्यांची फीत हौसेने धुतलीही असेल, हेही लक्षात ठेवावे.

देशाची गरिबी धातूत उतरते, हा ह्या शास्त्राचा सर्वांत करुण भाग. प्रशियाचे सर्वांत मानाचे पदक 'पूर ल मेरीत' १७४० साली फ्रेडरिक द ग्रेटने स्थापन केले. नाव फ्रेंच, कारण दरबारची भाषा फ्रेंच! निळ्या मिन्याचा हा सुंदर क्रॉस सोन्याचा असे. १९१६च्या अखेरीपासून मात्र तो चांदीचा करून वर सोन्याचे पाणी चढवू लागले. लढाईने सोने खाल्ले होते. जाता जाता सांगतो, ह्याच पदकाची विद्वानांसाठी १८४२ साली वेगळी शाखा निघाली, आणि आपल्याकडच्या पंडितांनी ज्यांचे 'मोक्षमुल्लर' असे बारसे केले त्या ऋग्वेदाच्या संपादकांना ती १८७४ साली मिळाली. तलवारीच्या पदकाने वेदांच्या छापखान्याचाही मान केला, हे वाचून मराठीचा मास्तर सुखावला नाही तरच नवल.

दुसऱ्या महायुद्धातली उतरण तर टप्प्याटप्प्याने मोजता येते. आरंभीचे लढाऊ बिल्ले तोंबाकचे, म्हणजे तांबे अधिक असलेल्या पितळेचे. जड, रेखीव, मुलामा टिकवून धरणारे. पुढे तांबे तोफगोळ्यांना हवे झाले आणि बिल्ले जस्ताचे झाले. जस्तावरचा मुलामा उडतो आणि खाली राखाडी, पिठूळ पृष्ठ राहते. १९४१ साली पदके बनवणाऱ्यांच्या संघाने खासगी विक्रीच्या मालावर एल हे अक्षर, तिरपी रेघ आणि कारखान्याचा आकडा ठोकायला सुरुवात केली. असा शिक्का असलेली वस्तू १९४१च्या आधीची असू शकत नाही. सरकारकडून मिळालेल्या क्रॉसच्या कडीवर नुसता आकडा असे. ल्यूडेनशाइडच्या श्टाइनहाउअर उंट ल्यूक ह्या एकाच कारखान्याचे दोन क्रमांक होते: सरकारी मालावर ४ आणि दुकानी मालावर एल/१६. म्हणजे कडीवरचा एवढासा आकडा, ते पदक सेनापतीने दिले की मालकाने हरवल्यावर दुकानातून विकत आणले, ह्याचीही चहाडी करू शकतो.

साल आणि वस्तू ह्यांचे सर्वांत मोठे अंतर मला एका काळ्या क्रॉसमध्ये दिसले. त्यावर १९१४ आणि १९१८ अशी दोन साले आहेत; पण हे पदक स्थापन झाले १३ जुलै १९३४ रोजी, अध्यक्ष हिंडेनबुर्ग ह्यांच्या हुकुमाने. त्याआधी असा एकही क्रॉस जगात नव्हता. आघाडीवर लढलेल्याला तलवारींसह, मागे राहून सेवा केलेल्याला तलवारींवाचून, आणि तिसरा प्रकार काळ्या रोगणाचा. तो मृत सैनिकांच्या विधवांसाठी आणि आईबापांसाठी. सुमारे साडेतीन लाख विधवांनी आणि पावणेचार लाख आईबापांनी तो घेतला. लढाई संपून १६ वर्षे झाली होती. ज्या आईने १९१६ साली पोर गमावले, तिला अर्ज भरल्यावर एक काळा बिल्ला मिळाला. पहिल्या महायुद्धात लढलेल्या ज्यू सैनिकांनाही हे पदक मिळाले. आणि हिंडेनबुर्ग १९३४च्या ऑगस्टमध्ये वारल्यावर त्यांच्या प्रमाणपत्रांवर हिटलरच्या नावाने मजकूर छापून येऊ लागला. तेच सरकार त्यांचे नागरिकत्व हिरावण्याच्या तयारीत होते. पदकाच्या घडणीत एवढे दिसत नाही. त्यासाठी साले शेजारी शेजारी मांडावी लागतात.

हे सारे ज्ञान रविवारच्या चहापुरतेच राहिले असते. पण गेल्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातली माझी एक विद्यार्थिनी आपल्या आजीला आणि एका मामाला घेऊन घरी आली. आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या. नऊवारी, कपाळावर गोंदण, हाती बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात कापडाच्या घडीत एक लोखंडी क्रॉस होता. आजींचे वडील मराठा पलटणीत होते आणि १९४४ साली इटलीत जर्मनांशी लढले. मराठ्यांची ती लढाई इतिहासात नोंदलेली आहे: यशवंत घाडगे ह्यांनी १० जुलै १९४४ रोजी आणि नामदेव जाधव ह्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीच्याच भूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, घाडगे ह्यांनी प्राण देऊन. आजींच्या वडिलांना तसे काही मिळाले नाही. ते हा परका क्रॉस घेऊन घरी आले आणि "लढाईत जर्मन अंमलदाराकडनं मिळाला" एवढेच सांगून वारले.

पुढे घरातला मामा शिकला. त्याने क्रॉसवरचे साल वाचले: १९१४. झाले! लग्नकार्यात, जत्रेत, जेवणाच्या पंगतीत तो हसून सांगू लागला, "आबांची इटली म्हणजे मुंबईचा चोरबाजार. साल बघा की! १९१४ला आबा जन्मले तरी होते का?" आजींनी पन्नास वर्षे हे ऐकून घेतले. आता कोणी संग्राहक बरी रक्कम देऊ करत होता आणि मामांना माझ्याकडून एक चिठ्ठी हवी होती, 'इटलीच्या रणांगणावर मिळालेले पदक' अशी. कारण तसे लिहिले की भाव चढतो. पंगतीत खोटे आणि बाजारात खरे, असा तो हिशेब.

आजींना भावाशी कर्तव्य नव्हते. त्या म्हणाल्या, "मास्तर, माझा बाप खोटं बोलला का, येवढंच सांगा."

डॉक्टरांना हाक मारली. टेबलावर दिवा, भिंग, मोजपट्टी, लोहचुंबक. क्रॉस ४२ मिलिमीटर भरला. कडेचा सांधा स्वच्छ दिसत होता, चौकटीची चांदी काळवंडली होती, गाभा चुंबकाला बिलगला आणि रंगाखालून गंजाचे फोड उठले होते. पुढे मुकुट, अक्षर आणि १९१४. मागे नेहमीचे १८१३. फीत काळी-पांढरी, दिव्याखाली निपचित. म्हणजे पदक अस्सल, पण पहिल्या महायुद्धातले. मामा खुर्चीत सैलावले.

मग डॉक्टरांनी डब्याच्या तळातून घडी घातलेला फितीचा दुसरा तुकडा काढला. तोही काळा-पांढरा. त्याच्या मधोमध बारीक चिरा होत्या, कडांना तांबूस डाग लागलेल्या. डॉक्टर बराच वेळ बोलले नाहीत. १९३९ साली एक नियम झाला होता: पहिल्या महायुद्धात ज्याने क्रॉस मिळवला आणि दुसऱ्यात पुन्हा कमावला, त्याला नवा क्रॉस न देता जुन्या फितीवर लावायला एक छोटी खूण देत. गरुड आणि खाली १९३९. ती खूण मागच्या पकडी फितीतून आरपार घालून वाकवत. ह्या फितीवरून ती खूण कधीतरी निघून गेली होती. तिच्या पकडींच्या जागा मात्र राहिल्या होत्या. १९१७ साली विशीत असलेला जर्मन अंमलदार १९४४ साली सत्तेचाळिशीचा असणार, आणि तो इटलीत असायला काहीच आडकाठी नाही.

मामा म्हणाले, "पण सर, अशी फीत चोरबाजारातही मिळू शकते."

मिळू शकते. वस्तूची घडण काळ सांगते. ती कोणाच्या छातीवरून कोणाच्या हाती आली, हे सांगत नाही. कोणताही प्रामाणिक परीक्षक ह्यापुढे जाणार नाही, आणि पैसे घेऊन जाणारे परीक्षकच बाजार नासवतात. मी आजींना तसेच सांगितले: ही वस्तू तुमच्या वडिलांच्या शब्दाला कुठेही खोटे पाडत नाही. साल दाखवून त्यांना हसणाऱ्याचे म्हणणे मात्र खोटे पडते.

आजी म्हणाल्या, "इकत घेतलं आसतं तर कवातरी इकायला काढलं आसतं. दुष्काळात बैल इकला त्यानं. ह्यो डबा न्हाई उघडला."

हा पुरावा भिंगाखाली धरता येत नाही. पण माझ्या मनाला तो फितीच्या चिरांपेक्षा कमी वाटला नाही.

चिठ्ठी मी लिहून दिली. त्यात एवढेच: 'लोखंडी क्रॉस, दुसरा वर्ग, १९१४चा, तीन तुकड्यांचा, अस्सल दिसतो. सोबतच्या फितीवर १९३९च्या खुणेच्या पकडींसारख्या चिरा आहेत. त्या तशाच असतील तर ही फीत दुसऱ्या महायुद्धात वापरली गेली. मूळ धनी कोण, हे वस्तूवरून सांगता येत नाही.' मामांनी वाचून तोंड वाकडे केले. ह्या मजकुराने भाव चढणार नव्हता. आजींना वाचता येत नाही. नातीने तो मजकूर त्यांना दोनदा वाचून दाखवला. मग आजींनी चिठ्ठीची चौघडी केली, फितीच्या तुकड्याबरोबर कापडात गुंडाळली आणि डब्याचे झाकण तळव्याने दाबून बसवले.

"आता पंगतीत ह्योच कागद वाचायचा," त्या मामांना म्हणाल्या, "आन् तूच वाचायचा."